यहुदी पंडितांची चरित्रे पुरेत, त्यांच्या वादाचे एक पान छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही रविवार आपल्या पुरवणीत यहुदी पंडितांचे छोटे परिचय येत आहेत. हिल्लेल, अकिवा, राशी, मैमोनिदीस ही नावे गोव्यातल्या मराठी वाचकापुढे येतात हे चांगलेच आहे. पण जन्म, गुरू, ग्रंथ, मृत्यू या साच्यात घातली की ही सगळी माणसे एकाच तोंडवळ्याची दिसू लागतात. ती भांडत कशावरून होती, हेच नेमके गळून पडते. आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे जे आहे ते बहुतेक त्या भांडणातच आहे. म्हणून सुचवतो: पुढचे चार-पाच रविवार एकच प्रश्न घ्या आणि तो दीड हजार वर्षांत कोणाकोणाच्या हातून गेला ते दाखवा. प्रश्न आणि त्याचे साहित्य खाली देत आहे. नावे, सनावळ्या आणि चित्रे छापताना कुठे घसरायला होते तेही लिहितो.

प्रश्न असा. 'शेमा' म्हणजे तोरातील, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांतील, तीन उताऱ्यांचे पठण. ते रोज सकाळी आणि संध्याकाळी करायचे असते. तर संध्याकाळची शेमा कधीपासून म्हणता येते? मिश्नाचे पहिले वाक्य हेच आहे. मिश्ना म्हणजे पाठांतराने चालत आलेल्या धर्मशास्त्राचा संग्रह. तो इ. स. २००च्या सुमारास रब्बी येहुदा हानासी यांनी गालीलात, म्हणजे पॅलेस्टाइनच्या उत्तर भागात, सिद्ध केला. त्याचे सहा विभाग आणि ६३ प्रकरणग्रंथ आहेत. त्यातल्या पहिल्याच ग्रंथाच्या, म्हणजे बेराखोतच्या तोंडी हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर असे: 'कोहेन आपला तेरुमा खायला घरात शिरतात तेव्हापासून.' कोहेन हे वंशपरंपरेने आलेले पुरोहित, आणि तेरुमा हा त्यांना मिळणारा धान्याचा वाटा. विटाळलेल्या कोहेनाने स्नान केले, तरी आकाशात तारे दिसेपर्यंत त्याला तो वाटा खाता येत नसे. म्हणजे उत्तराचा अर्थ एवढाच, की तारे निघाल्यावर. जेरुसलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये रोमनांनी जाळले होते, तरी सव्वाशे वर्षांनंतरही वेळ सांगायला कोहेनांच्या जेवणाचीच खूण वापरली, याची नोंद वाचकाने मनाशी करून ठेवावी.

पुढे 'कधीपर्यंत' याला तिथेच तीन उत्तरे आहेत. रब्बी एलिएझर म्हणतात, रात्रीचा पहिला प्रहर संपेपर्यंत. बाकीचे विद्वान म्हणतात, मध्यरात्रीपर्यंत. राब्बान गामलिएल म्हणतात, पहाट फुटेपर्यंत. आणि लगेच एक प्रसंग येतो. गामलिएलांचे मुलगे मेजवानीहून उशिरा घरी आले आणि म्हणाले, आमची शेमा राहिली. त्यांनी सांगितले, पहाट फुटली नसेल तर म्हणणे तुमच्यावर बंधनकारक आहे. शिवाय नियमही सांगितला: विद्वान जिथे जिथे 'मध्यरात्रीपर्यंत' म्हणतात तिथे खरी मुदत पहाटेपर्यंतच असते, माणूस टाळाटाळ करत चुकू नये म्हणून त्यांनी अलीकडे कुंपण घातले आहे. मूळ मुदत वेगळी, कुंपण वेगळे. हा भेद पुढच्या सगळ्या यहुदी धर्मशास्त्राला पुरतो. तो एका चरित्रलेखात कधीच येणार नाही.

इथून पान बॅबिलोनला जाते. सुरा आणि पुंबेदिता या तिथल्या दोन मोठ्या विद्यापीठांत मिश्नावर तीनशे वर्षे काथ्याकूट झाला. त्याचा संग्रह म्हणजे गेमारा, आणि मिश्ना व गेमारा मिळून ताल्मुद. बॅबिलोनचा ताल्मुद इ. स. ५००च्या आसपास बांधला गेला. सुराचे राव आशी (मृत्यू ४२७) हे त्याच्या संकलनातले ठळक नाव. दुसरा, जेरुसलेमचा म्हणवला जाणारा ताल्मुद शंभरेक वर्षे आधीचा. तो मुख्यतः तिबेरियास इथे, गालीलात झाला. जेरुसलेममध्ये तेव्हा यहुद्यांना वस्तीची मुभाच नव्हती. नुसते 'ताल्मुद' म्हटले की बॅबिलोनचा समजायचा.

गेमाराचा पहिला सवाल पाहण्यासारखा आहे. ती उत्तर तपासत नाही, प्रश्नकर्त्यालाच धरते: 'शेमा म्हणायचीच असते हे आधी कुठे सांगितले, की एकदम कधीपासून म्हणून विचारता? आणि सकाळ सोडून संध्याकाळ आधी का?' उत्तरे दोन मिळतात. एक, तोरातच 'निजताना आणि उठताना' असा क्रम आहे. दुसरे, सृष्टीच्या आरंभी 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' असे म्हटले आहे. दोन्ही तशीच ठेवली जातात. तारेच म्हणायचे होते तर कोहेनांना मध्ये का आणले, असेही गेमारा विचारते, आणि जाता जाता तेरुमाचाही नियम शिकवून ठेवला, असे स्वतःच सांगते.

आपल्याकडे सूत्र, त्यावर भाष्य, भाष्यावर टीका अशी जी उतरंड पाठशाळेत शिकवतात ती आठवली तर पुढचे सोपे जाईल.

आता फ्रान्स. त्रॉय गावचे रब्बी श्लोमो यित्सहाकी, म्हणजे राशी (१०४० ते ११०५). त्यांचे भाष्य नसेल तर गेमारा आज कोणाला लागणार नाही, कारण मुळात ना स्वरचिन्हे, ना विरामचिन्हे, ना वाक्य कुठे संपले याचा पत्ता. बेराखोतच्या याच पहिल्या वाक्यावर राशीला एक अडचण दिसली. मिश्ना सांगते की तारे निघाल्यावर म्हणा. गावातले लोक मात्र उजेडातच सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, जमून संध्याकाळची प्रार्थना उरकतात आणि तिच्यात शेमाही म्हणतात. मग कर्तव्य पार पडले का? राशी म्हणतात, नाही. सिनेगॉगमधली शेमा ही प्रार्थनेला उभे राहण्याआधी तोराचे शब्द तोंडी असावेत म्हणून. खरे कर्तव्य झोपताना अंथरुणाशी म्हटलेल्या उताऱ्याने पुरे होते.

यावर वाद घातला तो राशीच्याच नातवाने. याकोव्ह बेन मेइर, म्हणजे राब्बेनू ताम (११०० ते ११७१). त्याचे आणि त्याच्या परंपरेतल्या पंडितांचे आक्षेप 'तोसाफोत' या नावाने गोळा झाले आहेत. आक्षेप असा: झोपताना म्हणतात तो एकच उतारा, कर्तव्य तर तीन उताऱ्यांचे. तेव्हा सिनेगॉगमधलीच खरी. मग तारे नसताना ती चालते कशी? त्यासाठी राब्बेनू ताम मिश्नातल्या रब्बी येहुदांचे (येहुदा हानासी नव्हेत, त्यांच्या आधीचे) मत पुढे आणतात. त्यांच्या मते दुपारची प्रार्थना पावणेअकरा तासांपर्यंत, आणि त्यानंतर रात्रीची वेळ सुरू.

इथे हिशेब समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक लेख इथेच घसरतात. हे तास घड्याळाचे नव्हेत. दिवस लहान असो की मोठा, त्याचे बारा सारखे भाग करायचे. एक भाग म्हणजे एक तास. पावणेअकरा तास झाले म्हणजे सूर्यास्ताला असे सव्वा तास उरले. गोव्यात जूनअखेरीस दिवस जवळजवळ १३ घड्याळी तासांचा असतो. म्हणजे हा तास ६५ मिनिटांचा आणि सव्वा तास सुमारे ८१ मिनिटांचा. त्रॉय ४८ अक्षांशावर आहे, तिथे त्याच दिवसांत दिवस सुमारे १६ तासांचा. तास ८० मिनिटांचा, सव्वा तास १०० मिनिटांचा. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळल्यावरही संधिप्रकाश बराच वेळ रेंगाळतो. दिवसभर राबलेली माणसे तारे निघेपर्यंत जागी ठेवून पुन्हा सिनेगॉगमध्ये आणणे अवघड होते. राशी आणि नातू यांच्या वादाचे मूळ या भूगोलात आहे. हाच वाद पेडण्यात किंवा काणकोणात उपजला नसता.

दिवस कुठून मोजायचा यावरही पुढे दोन पक्ष झाले. सतराव्या शतकातले पोलंडचे अव्राहाम गोंबिनर पहाट फुटण्यापासून तारे निघेपर्यंत मोजतात. विल्नाचे गाओन, म्हणजे महापंडित, एलियाहू (१७२० ते १७९७) सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. त्यामुळे आजही छापील वेळापत्रकांत एकाच गावच्या दोन-दोन वेळा दिलेल्या सापडतात. ती छपाईची चूक समजून कोणी एक वेळ खोडू नये.

रांबाम, म्हणजे आपल्या पुरवणीतले मैमोनिदीस, यांच्याकडे आपल्या लेखकाने सगळ्यात जास्त जागा द्यावी असे मला वाटत नाही, पण त्यांना वगळूनही चालणार नाही. मोशे बेन मैमोन, जन्म कोर्दोबा, मृत्यू १२०४ मध्ये जुन्या कैरोत, धंद्याने वैद्य. त्यांचा 'मिश्ने तोरा' चौदा भागांचा. ताल्मुदातला सगळा गलबला बाजूला सारून त्यांनी निकाल तेवढा लिहिला: शेमाची वेळ तारे निघाल्यापासून मध्यरात्रीपर्यंत, आणि कोणी उशीर करून पहाटेपूर्वी म्हटली तरी कर्तव्य झाले. गामलिएलांचे कुंपण इथे एका वाक्यात बसले आहे. पण हे मत कोणाचे, आधार कोणता, हे काही दिले नाही. प्रोव्हान्सचे अव्राहाम बेन दाविद (मृत्यू ११९८) यांनी नेमका यावरच कडक आक्षेप घेतला, आणि गंमत म्हणजे त्यांची ती झोंबरी टिपणे आज रांबामच्या पानावरच, शेजारी छापलेली असतात. रांबामचा धाकटा भाऊ दाविद जवाहिराच्या व्यापारासाठी हिंदुस्थानच्या वाटेवर निघाला आणि हिंदी महासागरात बुडाला. घर त्याच्याच कमाईवर चालत होते. आपल्या किनाऱ्याच्या वाचकाला ही नोंद परकी वाटणार नाही.

पुढचा टप्पा गालीलातल्या सफेद (त्स्फात) नावाच्या गावचे योसेफ कारो (१४८८ ते १५७५). त्यांनी १५२२ ते १५४२ अशी वीस वर्षे खर्चून आधीच्या एका संहितेवर आधारांसकट भाष्य लिहिले, आणि मग त्याचा सारांश म्हणून 'शुल्हान आरुख', म्हणजे 'मांडलेले मेज', काढले. शेमाचा नियम त्याच्या पहिल्या भागात, २३५व्या कलमात आहे: तीन लहान तारे निघाल्यापासून. 'तारे' याचे 'तीन' आणि 'लहान' असे नेमके माप केले, कारण मोठे तारे दिवसाउजेडीही दिसतात. क्राकोचे मोशे इस्सर्लेस (मृत्यू १५७२) यांनी पाहिले की यात उत्तर युरोपातले रिवाज नाहीत. त्यांनी जागोजागी भर घातली आणि तिला 'मेजावरचा कपडा' असे नाव दिले. भरीची अक्षरे वेगळ्या वळणाची असतात. ती न ओळखता सगळा मजकूर कारोंच्या नावावर घालणे ही नेहमीची चूक.

आता एक गाठ राहते. सूर्यास्तानंतर तारे किती वेळाने निघतात? ताल्मुदात दोन ठिकाणी दोन मापे आहेत. एका ठिकाणी चार मील (मील हे अंतराचे जुने माप) चालण्याइतका वेळ. मील १८ मिनिटांचा धरला तर ७२ मिनिटे. दुसऱ्या ठिकाणी पाऊण मील, म्हणजे साडेतेरा. राब्बेनू तामने मेळ घातला तो असा, की सूर्यास्त दोन प्रकारचे, आणि तारे ७२ मिनिटांनीच. विल्नाचे गाओन म्हणाले, डोळ्यांना दिसते ते याच्या उलट आहे. पाऊण मील हेच खरे, पण ते बॅबिलोनच्या क्षितिजावरचे आणि समरात्रीच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या, दिवसांतले. उत्तरेकडे जाल तसा संधिप्रकाश वाढतो. सहाशे वर्षांनी पुन्हा अक्षांशच कामाला आला. लेखमालेचा शेवटचा भाग यावर करावा.

आता छपाई. ताल्मुदाचे पान कसे असते हे चित्राशिवाय कळणार नाही. मध्यभागी चौकोनी अक्षरांत मिश्ना आणि गेमारा. कोणते कुठे सुरू होते हे दाखवायला छोटी संक्षिप्त खूण. बांधणीकडच्या बाजूला राशी, बाहेरच्या बाजूला तोसाफोत. अगदी कडेला बारीक टिपा: हेच वाक्य ताल्मुदात आणखी कुठे आले, तोरातल्या कोणत्या ओळीचा आधार आहे, आणि या वादाचा निकाल रांबाम व शुल्हान आरुख यांत कोणत्या कलमात सापडेल. ही शेवटची सोय सोळाव्या शतकात इटलीत झाली. बेराखोतच्या पहिल्या पानावर कडेची ही खूण धरून वाचक थेट २३५व्या कलमावर जातो. विद्यार्थी खरोखर असेच शिकतात.

पानांचे आकडे दानिएल बोम्बेर्ग या ख्रिस्ती छापखानदाराच्या व्हेनिस आवृत्तीने (१५२० ते १५२३) कायम केले. पृष्ठ मोजत नाहीत, पत्र मोजतात. प्रत्येक पत्राच्या दोन बाजू, 'अ' आणि 'ब'. प्रत्येक ग्रंथ २अ पासून सुरू होतो, कारण पहिले पत्र मुखपृष्ठाचे. 'बेराखोत १' असा संदर्भ कुठे दिसला तर तो चुकीचा आहे, किंवा मिश्नातला वा जेरुसलेमच्या ताल्मुदातला आहे, कारण तिथे अध्याय आणि कलम मोजतात. अशी एकूण २,७११ पत्रे. रोज एक वाचायची पद्धत १९२३ मध्ये पोलंडच्या रब्बी मेइर शापिरो यांनी सुचवली. एक फेरी सात वर्षे पाच महिन्यांची; चालू फेरी ५ जानेवारी २०२० ला सुरू झाली आणि ७ जून २०२७ ला पुरी होईल. मालेचा शेवट त्या सुमारास साधला तर बरे.

राशीच्या भाष्याची अक्षरे वळणदार असतात, त्यांना 'राशी लिपी' म्हणतात. राशीने स्वतः तसे कधी लिहिले नाही. स्पेनकडचे ते हस्ताक्षराचे वळण १४७५ मध्ये दक्षिण इटलीतल्या रेज्जो इथे राशीचे भाष्य छापताना वापरले, आणि नाव चिकटले. 'राशीने शोधलेली लिपी' असे कृपया छापू नये.

पान मांडणाऱ्याला दोन सूचना. चित्र आरशासारखे उलटे होण्याचा धोका खरा आहे, आणि हिब्रू न येणाऱ्याला ते कळत नाही. २अ वर राशी उजव्या हाताला असतो. डाव्या हाताला दिसला तर चित्र उलटले. दुसरे, हिब्रू शब्द टंकित करून घातला तर काही जुन्या प्रणाली अक्षरे डावीकडून उजवीकडे लावतात. 'म' चे शब्दाच्या शेवटी येणारे रूप बंद चौकटीसारखे असते. ते शब्दाच्या डाव्या टोकाला हवे. उजव्या टोकाला असले तर शब्द उलटा लागला. आणि गुंडाळीचे छायाचित्र ताल्मुद म्हणून टाकू नये. गुंडाळी चामड्यावर हाताने लिहिलेली, ती तोरा. ताल्मुद बांधीव छापील ग्रंथ असतो.

नावांचा घोळ तर कायमचाच. रब्बी मोशे बेन मैमोन याची आद्याक्षरे जोडून रांबाम. रब्बी मोशे बेन नाहमान (११९४ ते १२७०, गिरोना) याची जोडून रांबान. एका अक्षराचा फरक, आणि मते पुष्कळदा विरुद्ध. पहिला तर्कवादी वैद्य. दुसऱ्याने बार्सेलोनाच्या १२६३च्या जाहीर वादसभेत राजासमोर ख्रिस्ती धर्मगुरूंशी सामना केला. मुद्रितशोधकाला हा फरक आधी सांगून ठेवावा, नाहीतर तो 'सुधारणा' करून मोकळा होईल. पॅलेस्टाइनमधल्या दीक्षित पंडिताला 'रब्बी', बॅबिलोनच्याला 'राव', हाही भेद पाळावा. आणि रब्बी म्हणजे पूजा सांगणारा भट नव्हे. पुरोहितपण कोहेनांच्या घराण्यात जन्माने येते. रब्बी अभ्यासाने होतो आणि प्रश्नाला निकाल देतो. दहा प्रौढ पुरुष जमले की सामुदायिक प्रार्थना होते, तिथे रब्बी असलाच पाहिजे असे नाही.

सनावळीसाठी एक सूत्र. हिब्रू वर्षातून ३७६० वजा केले की जानेवारी ते सप्टेंबरपर्यंतचे इसवी वर्ष मिळते. वर्षारंभापासून, म्हणजे तिश्री महिन्यापासून, डिसेंबरअखेरपर्यंत ३७६१ वजा करायचे. जुन्या पुस्तकांवर हजार गाळून नुसते शतक-दशक अक्षरांत देतात. तेव्हा १२४० मिळवायचे. शुल्हान आरुखच्या पहिल्या छपाईचे ३२५, म्हणजे १५६५. हे माहीत नसले की सोळाव्या शतकातले पुस्तक इ. स. ३२५ मधले ठरते. तारीख संध्याकाळी बदलते, हेही ध्यानात असू द्यावे. रात्री झालेल्या मृत्यूची तिथी एका दिवसाने पुढे जाते.

पंचांग पाहणाऱ्या आपल्या वाचकासाठी याच अंगाने सादिया गाओन (८८२ ते ९४२) यांचा एक वाद द्यावा. यहुदी महिनाही चांद्र आहे. १९ वर्षांत सात अधिक महिने, पण ते ठरलेल्या वर्षीच: ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९. महिन्याचे माप २९ दिवस १२ तास ७९३ भाग, आणि तासाचे भाग १,०८०. तिश्रीचा अमान्त, म्हणजे अमावास्या संपण्याचा क्षण, दुपारी बाराला किंवा नंतर आला तर वर्षारंभ पुढे ढकलायचा, असा नियम. पॅलेस्टाइनचे बेन मेइर म्हणाले, बारानंतर ६४२ भागांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ मिनिटे, सूट आहे. इ. स. ९२३च्या शरद ऋतूतला अमान्त नेमका शनिवारी दुपारी बारा वाजून २३७ भागांनी, म्हणजे सुमारे १३ मिनिटांनी येत होता. तो वर्षारंभ हलला की मागच्या वर्षांच्या महिन्यांची लांबी बदलावी लागे. परिणाम असा, की ९२२चा पेसाह हा वसंतातला मोठा सण पॅलेस्टाइनकडच्यांनी रविवारी आणि बॅबिलोनकडच्यांनी मंगळवारी धरला. तेरा मिनिटांपायी एक समाज दोन सण करून बसला. सादियांनी बॅबिलोनची बाजू लढवली, ती टिकली, आणि ९२८ मध्ये ते सुराच्या विद्यापीठाचे प्रमुख झाले.

गोव्यापुरते बोलायचे तर अव्राहाम झाकुतोंना (जन्म १४५२, सालामांका) मी सगळ्यांत वर ठेवीन. रब्बी, ज्योतिषी, आणि 'सेफेर युहासिन' या पंडितपरंपरेच्या इतिहासाचा कर्ता. म्हणजे आपण जे करू पाहतो ते त्यांनी १५०४ मध्ये ट्युनिसमध्ये करून ठेवले आहे. त्याआधी ते पोर्तुगालच्या दरबारी ज्योतिषी होते. त्यांचे सूर्यतक्ते १४९६ मध्ये लेइरियाला छापले गेले आणि वास्को द गामाच्या सफरीसाठी अशाच तक्त्यांचा आधार होता. दुसऱ्याच वर्षी, १४९७ मध्ये, राजाने यहुद्यांचे सक्तीने धर्मांतर केले. झाकुतो देश सोडून निसटले.

तक्ता वापरायची रीत अशी. मध्यान्हाला ॲस्ट्रोलॅब या कोनमापक यंत्राने सूर्याचे उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची अंशांत, मोजायचे. ते ९० मधून वजा करायचे. मग त्या दिवसाची सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला तो किती अंश आहे ते, तक्त्यावरून घ्यायची. डिसेंबरअखेरीस गोव्याच्या बाऱ्यात उन्नतांश ५१ येतील. ९० वजा ५१ म्हणजे ३९, त्यातून दक्षिण क्रांती साडेतेवीस वजा, उरले साडेपंधरा अक्षांश. जूनमध्ये मात्र सूर्य डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो. उन्नतांश ८२, पण उत्तरेच्या बाजूने, फरक ८. आता क्रांतीतून ८ वजा करायचे, साडेपंधरा. बाजू न पाहता मिळवले तर साडेएकतीस येतात, आणि जहाज कागदावर सिंध ओलांडून जाते. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ही चूक गोव्यात होऊ शकते. दुसरी चूक तक्त्याच्या वर्षाची. तक्ते लीप वर्षामुळे चार वर्षांचे असतात. समरात्रीच्या सुमारास क्रांती दिवसाला २४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) बदलते. चुकीच्या वर्षाचा रकाना धरला तर ६ ते १८ कलांचा, म्हणजे सुमारे ११ ते ३३ किलोमीटरांचा फरक पडतो.

गार्सिया द ओर्ता यांचे नाव या यादीत घालायचा मोह होईल. पणजीत त्यांच्या नावाची बाग आहे, आणि वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला. पण ते वैद्य होते, रब्बी नव्हेत. धर्मांतरित यहुदी घराण्यातले. १५६८ मध्ये ते वारले, पुढच्या वर्षी त्यांच्या बहिणीला इन्क्विझिशनने जाळले, आणि १५८० मध्ये त्यांची हाडे उकरून जाळली. त्यांना वेगळा लेख द्यावा.

बेने इस्राएलांतही 'मराठी रब्बी' शोधू नयेत. कोकणातल्या या मराठी बोलणाऱ्या समाजात काजी होते, हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, होते. दीक्षित रब्बी नव्हते, शिकवणारे पुढे कोचीनहून आले. मात्र त्यांनी पेसाहच्या रात्री वाचायचा हग्गादा मराठीत १८४६ मध्ये मुंबईला आणि १८७४ मध्ये पुण्याला छापला, आणि जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४ ते १९०५) यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हिब्रू नावे देवनागरीत कशी लिहावीत हा प्रश्न आपल्या संपादकमंडळाला पडला असेल तर तिथून उचलावीत. इंग्रजीवरून नवी बनवण्याचे कारण नाही.

चित्रासाठी विल्नाची रोम छापखान्याची आवृत्ती (१८८० ते १८८६) घ्यावी, तिच्यावर आता कोणाचा हक्क नाही. बेराखोत २अ पानाच्या पूर्ण रुंदीत छापावे. दोन स्तंभांत बसवले तर कडेच्या टिपांचा शाईचा डाग होईल आणि २३५ची खूण कोणालाच सापडणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, फोंडा, गोवा